ठिपक्याची अब्रू

घराबाहेर पडणाऱ्याला 'कुठे निघालात?' असं विचारायचं नाही, हा आमच्या घरातला जुना नियम. विचारलं की काम होत नाही. माझ्या आजीच्या काळात कोणी चुकून विचारलंच, तर निघालेला माणूस चपला काढून परत आत यायचा, घोटभर पाणी प्यायचा, जरा टेकायचा आणि मगच पुन्हा उंबरा ओलांडायचा. त्या टेकण्यात आजोबांची एकदा गाडी चुकली, असंही ऐकलंय. आता मला वाटतं, या नियमाचा शकुनाबिकुनाशी काही संबंध नसावा. आमच्या कुठल्या तरी पूर्वजाला कुठे तरी जायचं होतं आणि ते घरात सांगायचं नव्हतं, एवढंच. त्या थोर पुरुषाला माझा साष्टांग नमस्कार.

त्याच्याच कुळात जन्मून मी मात्र सध्या फेटा घातलेला एक ठिपका आहे.

झालं ते असं. गणपतीत भाची आली होती. दुपारी पंगत उठल्यावर तिनं ताटं गोळा करावीत तसे घरातले सगळे फोन गोळा केले आणि 'आपली माणसं' नावाचा ग्रुप काढला. कुठल्या ॲपवर ते सांगत नाही, कारण त्या बिचाऱ्याचा यात काही दोष नाही. "मामा, यात सगळे नकाशावर दिसतात. कोण कुठे आहे ते." फोननं अगदी रीतसर विचारलं होतं. लोकेशनची परवानगी नेहमी द्यायची, ॲप वापरताना द्यायची, फक्त या वेळी द्यायची, की द्यायचीच नाही? एवढे पर्याय मला लग्न ठरवतानाही कोणी दिले नव्हते. मी सतरंजीवर आडवा होतो. "दे की नेहमीची. आपण काय चोर आहोत?" असं मी म्हणालो. हे वाक्य आमच्या घरात आता सणासुदीला म्हणून दाखवतात.

उकडीचे मोदक तुपाबरोबर खाल्लेल्या माणसानं त्याच दुपारी दिलेली संमती कायद्यानं ग्राह्य धरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

ठिपक्याला चेहरा हवा म्हणून भाचीनं माझा एका लग्नातला, फेटा बांधलेला फोटो लावला. तेव्हापासून हा फेटेवाला गृहस्थ दूध आणायला, वीजबिल भरायला आणि दाढ काढायलाही फेटा घालूनच कोथरूडभर हिंडत असतो. त्याच्याखाली फोनची बॅटरी किती उरली आणि तो एकाच जागी किती वेळ आहे, हेही लिहून येतं. न्हाव्याकडे माझ्या डोक्याच्या मानानं मी जास्त वेळ बसतो, हा शोध मेहुण्यानं या आकड्यावरूनच लावला.

तसं पाहिलं तर याची सुरुवात आमच्या भाचीनं केलेली नाही. २०१७ हे साल त्या दृष्टीनं फार चमत्कारिक गेलं. जूनमध्ये स्नॅपचॅटनं मित्रमंडळींना नकाशावर मांडायला सुरुवात केली. ऑक्टोबरमध्ये व्हॉट्सॲपनं लाइव्ह लोकेशन आणलं. आणि या दोहोंच्या मध्ये, २४ ऑगस्टला, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. निकाल पाचशेहून जास्त पानांचा आहे. आमच्या घरी त्याची प्रत अजून पोचलेली नाही.

आता मूळ मुद्दा. मूळ मुद्दा कांदाभजी हा आहे.

माझं कोलेस्टेरॉल वाढलं तेव्हा डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. तळलेलं बंद करा आणि रोज संध्याकाळी पाऊण तास चाला. यातली दुसरी गोष्ट मी इतक्या निष्ठेनं पाळतो की तिच्या पायी पहिली मोडते. कर्वे रस्त्याच्या आतल्या एका गल्लीत भज्यांची गाडी लागते. घरापासून चालत नेमकी वीस मिनिटं. जायला वीस, यायला वीस आणि मध्ये पाच मिनिटं भजी. पाऊण तासाचा हिशेब डॉक्टरांनी बहुधा गाडी बघूनच केला असावा. कांदा उभा चिरलेला, बेसन जेमतेम धरण्यापुरतं, वर मीठ लावलेल्या तळलेल्या मिरच्या. अधिक लिहीत नाही, हा लेख घरी वाचला जाणार आहे.

या गाडीमागची भिंत एका इस्पितळाची आहे.

परतीचा पाऊस सुरू होता त्या दिवसांतली गोष्ट. मी एक प्लेट घेतली आणि पाऊस आडवातिडवा कोसळायला लागला. गाडीवरच्या पत्र्याखाली सरकून उभा राहिलो. पाऊस थांबेना, म्हणून दुसरी प्लेट घेतली. फोन रेनकोटच्या आतल्या खिशात, आवाज बंद, बोटं तेलकट. इकडे नकाशावर फेटेवाला गृहस्थ भिंत ओलांडून सरळ इस्पितळात शिरला आणि चाळीस मिनिटं तिथेच बसून राहिला.

सर्वांत आधी पाहिलं ते बंगळुरूच्या लेकीनं. तिनं आईला, म्हणजे माझ्या बायकोला, फोन केला. आईनं मला केला. मी उचलला नाही. आईनं भावाला केला. पुढचं सगळं मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. मेहुणा मेडिक्लेमची फाइल घेऊन स्कूटरवर निघाला, त्याच्या बायकोनं मुगाची खिचडी टाकली, शेजारचे काका 'रक्त लागलं तर' म्हणून रिक्षात बसले. माझा रक्तगट त्यांच्याशी जुळत नाही, पण रिक्षात जागा होती.

मी गाडीपाशी उभा राहून पाहतोय तो इस्पितळाच्या दारात ही सगळी मंडळी भिजत उतरतायत. माझ्या मनात पहिला विचार आला, अरे, कोण आजारी पडलं? आणि मला कसं कळवलं नाही? आपली माणसं संकटात आहेत म्हणताना मी प्लेट तशीच टाकून तिकडे धाव घेतली आणि हातातली मिरची न ठेवताच मेहुण्याचा खांदा धरून विचारलं, "काय रे, कोणाला काय झालं?"

मेहुण्यानं मागे वळून पाहिलं. बायकोनं पाहिलं. ती क्षणभर रडली. मग तिला वास आला.

अशा वेळी माणसासमोर दोनच वाटा उरतात. भजी कबूल करायची, नाहीतर आजार कबूल करायचा. मी आजार कबूल केला. "छातीत जरा जडजड वाटलं, म्हटलं दाखवून घ्यावं." शब्द खोटा नव्हता, दोन प्लेटनंतर जडजड वाटतंच. पण मेडिक्लेमची फाइल हातात असलेल्या मेहुण्यासमोर असं काही बोलू नये. पुढच्या दहा मिनिटांत मी खाटेवर होतो आणि माझ्या छातीवर थंडगार काहीतरी चोपडून तारा लावल्या होत्या. ईसीजी उत्तम निघाला. तरुण डॉक्टर म्हणाले, "काळजीचं काही नाही, तळलेलं तेवढं कमी करा." बायको माझ्या कॉलरवर चिकटलेल्या बेसनाच्या कणाकडे पाहत होती. इतकी महाग भजी पुण्यात त्या दिवशी दुसऱ्या कोणी खाल्ली नसतील. बिल कॅशलेसमध्ये बसलं नाही. खिचडी मात्र खावी लागली.

रात्री मी उपग्रहांना शिव्या घातल्या, तेव्हा फोनवरून भाचीनं माझं अज्ञान दूर केलं. मला वाटायचं, आकाशातून कोणी तरी आपल्याला बघतं आणि खाली कळवतं. तसं काही नसतं. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फक्त वेळ आणि स्वतःची जागा सांगत फिरत असतात. त्यांना ना मी ठाऊक, ना भजी. आपला फोन निदान चार उपग्रहांची हाक ऐकतो आणि ती पोचायला किती वेळ लागला यावरून स्वतःच हिशेब करतो. मोकळ्या आभाळाखाली हा हिशेब साधारण पाच मीटरपर्यंत बरोबर येतो. पण उंच भिंतींच्या गल्लीत हाक भिंतीवर आपटून येते, पत्र्याखाली ती नीट ऐकू येत नाही, मग फोन आजूबाजूच्या वायफायवरून अंदाज बांधतो. आणि त्या गल्लीतलं सगळ्यात दणकट वायफाय इस्पितळाचं. म्हणजे उपग्रह निर्दोष. चहाडी करणारा माझ्याच खिशात, माझ्याच पैशांनी घेतलेला.

"बरं मामा, तू एकटाच नाहीस," म्हणून तिनं दिलासाही दिला. व्यायामाच्या नोंदी ठेवणाऱ्या स्ट्राव्हा नावाच्या ॲपनं २०१७च्या अखेरीस जगभरच्या धावणाऱ्यांचा एक झगमगता नकाशा काढला. जानेवारी २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका विद्यार्थ्याच्या लक्षात आलं की अफगाणिस्तान आणि सीरियाच्या ओसाड भागांत काही चौकोन फारच उजळलेत. ते सैन्याचे तळ होते. जवान इमानेइतबारे पळत होते आणि तळाची कुंपणं जगाला आखून देत होते. त्याआधी २०१२ मध्ये अँटीव्हायरसवाला जॉन मॅकाफी पोलिसांना चुकवत लपला होता, तर त्याची मुलाखत घेणाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या एका फोटोतच अक्षांश-रेखांश राहून गेले आणि तो ग्वाटेमालात असल्याचं सगळ्यांना कळलं. मला बरं वाटलं. पण सैन्याला नि मॅकाफीला माझ्या मेहुण्याला तोंड द्यावं लागलं नव्हतं.

तरीही मी हार मानली नाही. सेटिंग्जमध्ये शिरलो.

पहिल्यांदा हाती लागलं ते 'अचूक' आणि 'अंदाजे'. ही सोय आयफोनवर २०२० मध्ये आणि अँड्रॉइडवर २०२१ मध्ये आली. अंदाजे केलं की अँड्रॉइड फोन तुमची नेमकी जागा सांगत नाही, तीनेक चौरस किलोमीटरचा परिसर तेवढा सांगतो. मला ही फारच सभ्य कल्पना वाटली. नवरा कोथरूड-एरंडवण्यात कुठे तरी आहे, एवढी माहिती कुठल्याही संसाराला पुरावी. अंदाजे करून मी निर्धास्त गाडीवर गेलो. पहिलं भजं तोंडात टाकतोय तोच लेकीचा फोन. "बाबा, तुम्ही नदीत का आहात?" तीन चौरस किलोमीटरात मुठा नदीही येते आणि ॲपनं फेटेवाल्याला नेमका पात्राच्या मधोमध उभा केला होता. वर खडकवासल्यातून पाणी सोडलंय ही बातमी त्याच दिवशीची. घरी परतेपर्यंत बायकोनं शेजारच्या काकांना पुन्हा रिक्षात बसवलं होतं.

मग लेकीनंच तोडगा सुचवला. "बाबा, ते नकाशाचं राहू द्या. बाहेर पडताना व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन पाठवत जा." त्यात पंधरा मिनिटं, एक तास आणि आठ तास अशा तीन मुदती असतात. पंधरा मिनिटांत मी गाडीपर्यंतही पोचत नाही. आठ तास म्हणजे सरकारी नोकरी झाली, ती मी करून चुकलोय. राहता राहिला एक तास, आणि त्या एका तासातच तर सगळा मामला. ती म्हणाली, "हे एन्क्रिप्टेड असतं, बाबा. कंपनीलासुद्धा दिसत नाही." मला कंपनीची भीती कधीच वाटली नव्हती. अमेरिकेतल्या कोण्या साहेबाला मी कांदाभजी खातो हे कळलं, तर त्याचं तो बघून घेईल. या सगळ्या सेटिंग्जमधली कुलपं परक्यांसाठी आहेत. अनोळखी माणसानं बघू नये, जाहिरातवाल्यानं बघू नये, चोरानं बघू नये. २०१० मध्ये नेदरलँड्समधल्या काही मुलांनी तर 'या, माझ्याकडे चोरी करा' अशा अर्थाच्या नावाची साइटच काढली होती. लोक आपण बाहेर असल्याचं जाहीर करतात म्हणजे घर रिकामं असल्याचं जाहीर करतात, हे दाखवायला. आमच्याकडे चोर आला तर त्यालाही बायको चहा देऊन विचारील, "येताना आमचे हे कुठे दिसले का?"

आता एकच उपाय उरला होता. सरळ बंद करणे.

इथे मला एक तांत्रिक ज्ञान प्राप्त झालं, ते वाचकांना फुकट देतो. बंद करायच्या जागा दोन असतात. एक फोनच्या सेटिंग्जमधली परवानगी आणि दुसरं ॲपमधलं दिसणं-न दिसणं. मी फोनमधली परवानगी काढून घेतली. म्हणजे ॲपला माझी नवी जागा कळेना. पण आधी कळलेली शेवटची जागा त्याच्याकडे होतीच, ती त्यानं तशीच धरून ठेवली. आणि हे मी जिथे उभा राहून केलं, ती जागा होती लक्ष्मी रस्ता. दिवाळी तोंडावर आलेली. समोर साड्यांचं दुकान.

मी तिथून निघालो, गाडीवर गेलो, भजी खाल्ली, ओळखीच्या एका गृहस्थाशी राजकारणावर भांडलो आणि आरामात घरी परतलो. फेटेवाला तीन तास साड्यांच्या दुकानात.

मला नवल वाटलं ते हे, की एकही फोन आला नाही. दार उघडलं तेव्हा बायकोच्या चेहऱ्यावर मी लग्नाच्या अल्बममध्येच पाहिलेलं हसू होतं. "दमलात ना?" म्हणाली. चहाबरोबर, काय सांगू, चकली दिली. तळलेली. मी दोन चकल्या खाऊन कारण शोधत बसलो. रात्री मेहुणीचा फोन आला, त्यातलं आमच्याकडचं बोलणं कानावर पडलं. "अगं, तीन तास! माझ्यासाठी यांनी कधी तीन मिनिटं साडी पाहिली नव्हती. नाही, मी काही विचारणार नाही. पाडव्याला कळेलच."

पाडव्याला कळलं. बँकेतून तसा संदेशही आला. पैठणीचे भाव किती वाढलेत, हे मला त्या निमित्तानं समजलं. प्लेटनुसार हिशेब मांडायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

त्यानंतर मी दुसऱ्या जागेवरचं बटण दाबलं आणि नकाशावरून साफ नाहीसा झालो. हा आनंद अर्धाच तास टिकला. दिसणारा माणूस कोणाच्या लक्षात राहत नाही, पण न दिसणारा सगळ्यांच्या डोळ्यांत येतो. भाची म्हणाली, "मामा, चिडलास का?" लेक म्हणाली, "आईशी काही झालं का?" मेहुणा घरी आला, बायको स्वयंपाकघरात जाईपर्यंत थांबला आणि हळूच म्हणाला, "भाऊजी, पैशांची काही अडचण आहे का? कर्जबिर्ज?" मी नाही म्हणालो. "मग दुसरं काही?" 'दुसरं' म्हणताना त्याच्या नजरेत जो आदर दिसला, तो मला त्याच्याकडून पूर्वी कधी मिळाला नव्हता. खरं सांगतो, क्षणभर मोह झाला. पण म्हटलं भजी बरी.

मी पुन्हा दिसू लागलो.

आता या कथेत सासूबाई येतात. त्या आमच्याकडेच असतात. वय ऐंशीच्या पुढे, हातात बटणांचा जुना फोन, नकाशावर अस्तित्व शून्य. घरात एकट्या त्याच कोणाला दिसत नाहीत. रक्तदाबामुळे त्यांचं मीठ आणि लोणचं त्यांच्या लेकीनं, म्हणजे माझ्याच बायकोनं, बंद केलंय. त्या दिवसांत मी फोन उशीखाली ठेवून फिरायला जायचा प्रयोग करत होतो. फोन उशीखाली वाजला. बायकोला सापडला. पुढचं लिहीत नाही. तर त्या संध्याकाळी मी सोफ्यावर मान खाली घालून बसलो होतो आणि सासूबाई शेजारी जपमाळ ओढत होत्या. माळ न थांबवता त्या म्हणाल्या, "जावईबापू, कांद्याची होती ना?"

"काय, आई?"

"शर्टाला वास आहे. हे फोनबिन अलीकडचे. तुमचे सासरे बटाटेवडा खाऊन यायचे, मला कोपऱ्यावरून कळायचं."

मग त्यांनी प्रस्ताव मांडला. त्या रोज संध्याकाळी रामाच्या देवळात जातात. जाताना पिशवीत जपमाळ, चष्मा आणि माझा फोन. येताना फोन परत. मोबदला दोन भजी, कागदात गुंडाळून, मीठ लावलेल्या मिरचीसह, लेकीला कळू न देता.

तेव्हापासून फेटेवाला गृहस्थ रोज देवळात बसतो. कीर्तन असलं तर दोन-दोन तास हलत नाही. एकादशीला तर बॅटरी संपेपर्यंत बसला होता. 'आपली माणसं'वर त्याची कीर्ती वाढू लागली आहे. लेक म्हणते, "बाबा, किती शांत झालात तुम्ही." मेहुणा परवा त्याच्या मुलाला सांगत होता, "भाऊजींकडे बघ जरा." शेजारचे काका वाकून नमस्कार करता करता थांबले. पूर्वी २००९ मध्ये फोरस्क्वेअर नावाचं एक ॲप निघालं होतं. त्यात एखाद्या जागी सगळ्यांत जास्त वेळा हजेरी लावणाऱ्याला त्या जागेचा महापौर करायचे. आज ते चालू असतं, तर ठिपका देवळाचा महापौर झाला असता आणि मी भज्यांच्या गाडीचा.

कटकट एवढीच झाली, की बायको म्हणाली, "रोज देवळात जाताच तर येताना दारातल्या फुलवाल्याकडून फुलपुडी आणत जा." गाडी एका टोकाला, देऊळ दुसऱ्या टोकाला. म्हणून फुलपुडीचं कामही मी सासूबाईंकडे दिलं. त्यांनी मान डोलावली. काल संध्याकाळी मी भज्यांचं पुडकं त्यांच्या हातात ठेवलं, तर त्यांनी उघडून मोजली आणि पदराखाली धरत म्हणाल्या, "जावईबापू, यापुढे दोन भज्यांत भागायचं नाही."

"का हो, आई? फुलपुडीचे वेगळे देतो ना."

"ते नव्हे. देवळात माझ्याशेजारी दोघी बसतात. एकीचा जावई चतुःशृंगी चढायला जातो म्हणून सांगतो आणि खालीच वडापाव खात बसतो. दुसरीचा पत्ते कुटतो. सोमवारपासून दोघांचेही फोन माझ्या पिशवीत. आता ओझं वाढणार, रिक्षा करावी लागणार. तुम्ही पहिले, म्हणून तुम्हाला चार भज्यांत करते. त्या दोघांना सांगू नका."